उतरवलेल्या वाड्यांची वखार

देवघराच्या चौकटीसाठी जुने सागवान हवे होते, म्हणून कोल्हापुरातील जुन्या लाकूडसामानाच्या एका वखारीत गेल्या महिन्यात दोनदा जाणे झाले. पेठांमधील जे वाडे अपार्टमेंटसाठी उतरवले जातात, त्यांच्या तुळया, खांब, चौकटी आणि जोत्याचे घडीव दगड येथे विकायला असतात. माल खणखणीत आहे. परंतु या वखारीचे वेगळेपण मालकांच्या एका सवयीत आहे. प्रत्येक नगावर ते खडूने पेठ आणि घरातील जागा लिहून ठेवतात. मी निवडलेल्या तुळईवर ‘शुक्रवार पेठ, स्वयंपाकघर’ असे लिहिले होते आणि तिचे खालचे अंग चुलीच्या धुराने इतके चिकट काळे झाले होते की आमचा सुतार त्यावर रंधा धरायला तयार होईना. शेजारच्या दाराच्या फळ्यांवर कमरेच्या उंचीवर गाळाची फिकट रेघ होती. ती २०१९ च्या महापुराची की २०२१ च्या, यावर तेथील कामगारांचे एकमत नव्हते.

शहराच्या जुन्या वेशींपैकी गंगावेस आता नावापुरती उरली आहे, रविवार वेशीच्या जागी बिंदू चौक आहे आणि तेथे तटाचा एक तुकडा तेवढा उभा आहे. वरुणतीर्थ या तळ्याचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थ या तळ्याच्या जागी मंडई भरते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळाले, तेव्हा सारे शहर हळहळले. वाडा उतरतो तेव्हा मात्र गल्लीत चार दिवस धूळ उडते, शेजारी कुरकुरतात आणि पत्र्याचे कुंपण लागते. त्या घरात चूल कोठे होती, हे सांगणारा कागद सहसा कोणाकडेच नसतो. म्हणूनच मला त्या खडूच्या अक्षरांचे अप्रूप वाटले.

दर मात्र कमी नाहीत, आणि लाकडात राहिलेले खिळे काढण्याची मजुरी वेगळी पडते. तुळईसोबत घेतलेल्या जुन्या चौकटीची मूळ पितळी कडी आधीच दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकली होती, तेही चालले असते. पण घरी आलेली तुळई चौकटीसह चकचकीत धुऊन, पॉलिश पेपर मारून पाठवलेली होती. विचारल्यावर ‘गिऱ्हाइकाला स्वच्छ माल लागतो’ असे उत्तर मिळाले. तेव्हा खरेदी जरूर करावी, मात्र अक्षरे पुसू नयेत असे पैसे देण्यापूर्वीच बजावावे.