लायसन्सची टेस्ट: गिअरची बाईक न्यायची की स्कूटी?

पक्कं लायसन्स काढायला आरटीओत जायचंय आणि घरात दोन्ही गाड्या आहेत, तर बहुतेक जण स्कूटीच न्या म्हणतात. सोपी आहे हे खरंच, क्लच नाही गिअर नाही, टेस्टमध्ये आठचा आकडा मारताना, म्हणजे पाय न टेकवता 8 च्या आकारात गाडी फिरवताना, फक्त हळू एक्सलेटर आणि हलका मागचा ब्रेक, बास. पण ते लायसन्स विदाऊट गिअरचं मिळतं, त्यावर स्प्लेंडर चालवता येत नाही, आणि नंतर गिअरवाली हवी झाली की परत लर्निंग काढा, परत ३० दिवस थांबा, परत टेस्ट द्या. उलट विथ गिअरचं काढलं की स्कूटीही त्यातच येते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बाईकच न्या. आठच्या आकड्यात बाईक बंद पडते ती क्लच पूर्ण सोडल्यामुळं, पहिल्या गिअरला अर्धा क्लच धरायचा, एक्सलेटर एकसारखा ठेवायचा, वेग मागच्या ब्रेकनं सांभाळायचा, वळताना पुढचा ब्रेक अजिबात नको. नजर चाकाकडं नाही, जिकडं वळायचंय तिकडं. पाय टेकला की गेलं. रिकाम्या मैदानात खडूनं आकडा काढून रोज संध्याकाळी थोडा वेळ सराव करा, पटकन जमतं.

हां, गुडघ्याचा त्रास असेल किंवा गिअरची गाडी कधीच चालवायची नसेल तर स्कूटीच बरी, उगाच ओढाताण नको. हेल्मेट, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी मात्र दोन्हीला लागतंच.