किट कारला तीन टोकांचा पट्टा की हार्नेस?

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून गाडी, बांधली की रस्त्यावर काढण्याआधी ती आयव्हीए या एकेका गाडीच्या मंजुरीसाठीच्या सरकारी तपासणीतून जाते. २००९ मध्ये ही पद्धत जुन्या एसव्हीए तपासणीच्या जागी आली. सीटबेल्टच्या पट्ट्यांच्या बाबतीत निरीक्षक बघतो आणि मोजतो, ओढून बघत नाही. कंपनीच्या गाडीच्या मॉडेलला मंजुरी देताना खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला प्रत्येकी सुमारे १३.५ किलोन्यूटन ताण देतात. तुमच्या वेल्डिंगवर तेवढा ताण कोणी देत नाही, त्यामुळे पास झालं म्हणजे मजबूत असेलच असं नाही.

तीन टोकांचा, म्हणजे गाडीला तीन जागी बांधलेला, रीलवाला (आपोआप गुंडाळला जाणारा) पट्टा रस्त्याला सोयीचा. हँडब्रेकपर्यंत हात जातो, चौकात वाकून डावीउजवीकडे बघता येतं. रील मात्र ठरलेल्या कोनातच बसवावी लागते, नाहीतर पट्टा अडकतो. बुटक्या टू-सीटरमध्ये तिला जागा शोधणं हीच खरी डोकेदुखी.

चार टोकांचा हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा पट्टा, दिसायला झकास, पण त्यात एक मेख आहे. धडकेत खांद्याचे पट्टे ताणले की मधलं बकल वर खेचलं जातं, कमरेचा पट्टा हाडावरून पोटावर सरकतो आणि माणूस खालून निसटतो. ते थांबवायला मांड्यांमधून येणारे पट्टे लागतात, म्हणजे सहा टोकं. दुसरं, खांद्याची टोकं खाली चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बांधली तर पट्टा मणक्याला वरून दाबतो. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमात मागे जाणारा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त चालत नाही, १० अंशांच्या आत असला तर उत्तम. तेवढ्या उंचीवर रोल बारची (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीची) आडवी नळी नसेल तर हार्नेसचा विचार सोडा.

रेसिंगचे फिरवून उघडायचे बकल तपासणीत अडचणीचे ठरतात. ई-मार्क (मंजुरीची खूण) असलेला, लाल बटणाचा हार्नेस घ्या. एफआयएचा हार्नेस स्पर्धेपुरता पाच वर्षांनी बादही होतो.

टोकं बसवायची रीत दोन्हींना एकच: ७/१६ इंची यूएनएफ (बारीक आट्यांचा) बोल्ट, शक्यतो चासीच्या नळीत वेल्ड केलेल्या बुशमध्ये (आटे पाडलेल्या जाड नळकांड्यात). नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्लोअरला वॉशर लावून आवळलेला बोल्ट धक्क्यात पत्र्यातून आरपार येतो. पत्र्यालाच बांधायचं असेल तर मागे किमान ३ मिमी जाडीची, ४० चौरस सेंमीची स्टीलची पट्टी हवी. सीटच्या बोल्टांनाही तशीच पट्टी द्या. फायबरग्लासची बकेट सीट चार छोट्या वॉशरांवर बसवलेली बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. कार्पेट घालायच्या आधी प्रत्येक टोकाचा फोटो काढून ठेवा, नंतर काही दिसत नाही. आणि खांद्याच्या टोकाची उंची सीट बसवल्यावर मोजा. जाड गादी टाकली की पास होणारी गाडीही उंचीत कमी पडते.

रोज चालवायची असेल तर माझं मत तीन टोकांना. ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचे दिवस) करायचे असतील तर चासी उघडी असतानाच दोन्हींचे बुश वेल्ड करून घ्या, सहा टोकांचा हार्नेस नंतर लावता येईल. चार टोकांचा मी कोणालाच सुचवणार नाही.