लिनक्स मिंटवर ब्राउझर : झेरॉक्सच्या दुकानातून अभिप्राय

गोव्यातल्या साखळीत बस स्टँडपासून थोडं आत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटी झेरॉक्सची, पण पोट चालतं ते ऑनलाइन अर्जांवर. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, एक-चौदाचा उतारा, जूनमध्ये पोरांचे कॉलेज प्रवेश. हे सगळं ब्राउझरमधून चालतं. ब्राउझर बंद तर दुकान बंद, इतका साधा हिशेब. त्यामुळे हा अभिप्राय लिनक्सच्या, म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉपवर बसणाऱ्या प्रणालीच्या, तत्त्वज्ञानावर नाही. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं असताना लिनक्सच्या मिंट या प्रकारावर ब्राउझर कसा बसतो आणि कसा चालतो, एवढ्यापुरताच आहे.

लॅपटॉप 2016 चा, चार जीबी रॅमचा. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 माझ्या जुन्या प्रोसेसरला उंबऱ्याच्या आत घेईना. नवा घ्यायचा तर तीस-चाळीस हजार. मग पर्वरीचा भाचा दिवाळीला आला. रात्रभर नरकासुर जाळून डोळे लाल झालेले, तरी सकाळी फोव खाता खाता त्याने लिनक्स मिंट 22.2 बसवून दिलं. या आवृत्तीचं नाव झारा. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं म्हणे, ते मला आवडलं. 2029 पर्यंत अपडेट मिळणार, हे त्याहून आवडलं.

जाताना भाचा म्हणाला, "आते, ब्राउझर आत आहेच. दुसरा हवा असला तर भांडारातून घे." मी मान डोलावली. ऐकलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि क्रोमचं रंगीत चक्र शोधायला लागले. नाही. पेनड्राइव्हवर क्रोमची जुनी सेटअप फाइल होती, तिच्यावर दोनदा टिचकी मारली. काहीच नाही. ती ईएक्सई फाइल विंडोजची, लिनक्सच्या दारात ती मुकी. इतकं कळायलाही अर्धा तास गेला. मग खालच्या पट्टीवरच्या नारिंगी कोल्ह्यावर टिचकी मारून इंटरनेट उघडलं आणि क्रोम उतरवायला गेले. म्हणजे धडधाकट ब्राउझरमध्ये बसून मी ब्राउझर शोधत होते. तो कोल्हा म्हणजे फायरफॉक्स, आणि मिंटमध्ये तो बसवलेलाच येतो, हे डोक्यात शिरायला संध्याकाळ झाली.

क्रोमच्या पानावर लिनक्ससाठी बसवायच्या फाइलचे दोन पर्याय येतात. एक डेबियन आणि उबुंटूवाल्यांसाठी डेब, दुसरा फेडोरा आणि ओपनसुसेवाल्यांसाठी आरपीएम. ही सगळी मिंटसारखीच लिनक्सच्या प्रकारांची नावं. मिंटचं नाव दोन्हींत नाही. मिंट हे उबुंटूवर उभं आहे (22 ची मालिका उबुंटू 24.04 वर), म्हणून आपल्याला डेब लागतो. मला कुठलं माहीत? मी दुसरं गोल दाबलं. शंभर एमबीच्या वरचं गठडं उतरलं, उघडलं तर आत नुसते फोल्डर, एकात एक, चवथीला गणपतीवर बांधतात त्या माटोळीतल्या फळांसारखे लटकलेले. बसवायचं बटण कुठेच नाही. तोपर्यंत तीन गिऱ्हाइकं "मागाहून येतो" म्हणून गेली होती.

रात्री भाच्याला फोन लावला. त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत असं: विंडोजमध्ये आपण प्रत्येक वस्तू त्या त्या दुकानात जाऊन आणतो. लिनक्समध्ये आधी सोसायटीच्या भांडारात बघायचं. भांडारातला माल तपासलेला असतो, आणि नवा आला की निरोप आपोआप घरी येतो. मिंटमध्ये या भांडाराचं नाव सॉफ्टवेअर मॅनेजर. भांडारात मिळत नाही तीच वस्तू बाहेरून आणायची, तीही मूळ कंपनीच्या पानावरूनच. कुठल्याही "फ्री डाउनलोड" लिहिलेल्या हिरव्या बटणावरून नाही.

क्रोम नेमका भांडारात नाही. त्याचा भाऊबंद क्रोमियम आहे. उबुंटूने क्रोमियम स्नॅप नावाच्या वेगळ्या पद्धतीत नेला, तेव्हा मिंटवाल्यांनी 2020 पासून तो स्वतः बांधून भांडारात ठेवायला सुरुवात केली. म्हणून उबुंटूसाठी लिहिलेल्या सूचना मिंटवर जशाच्या तशा लागू पडत नाहीत. मी क्रोमियम बसवला. नाव लिहायचं, इन्स्टॉल दाबायचं, पासवर्ड द्यायचा, संपलं. टर्मिनलच्या, म्हणजे हुकूम टाइप करायच्या, काळ्या खिडकीला मी आजपर्यंत हात लावलेला नाही, हे माझ्यासारख्या बायकांसाठी मुद्दाम सांगते. क्रोमियम हलका वाटला, दाखल्यांची कामं बिनतक्रार झाली. पण रविवारी नवऱ्याने पैसे भरून घेतलेली क्रिकेटची मॅच लावली तर चित्रच येईना. असल्या कार्यक्रमांना वाइडवाइन नावाचं कुलूप असतं, आणि त्याची किल्ली क्रोममध्ये असते, क्रोमियममध्ये नसते. फायरफॉक्स ती किल्ली आपली परवानगी विचारून आणतो. नवऱ्याने लिनक्सला नावं ठेवली. भारत जिंकला तेव्हा तो शेजाऱ्यांकडे होता.

शेवटी क्रोमही घेतला, या खेपेला डेब. दोनदा टिचकी, एक छोटी खिडकी, इन्स्टॉलचं बटण, पासवर्ड. दोन मिनिटांचं काम. विंडोजपेक्षा सोपं म्हणा हवं तर. बसताना तो गूगलच्या भांडाराचा पत्ताही आपल्या यादीत लिहून ठेवतो, त्यामुळे पुढचे अपडेट खालच्या ढालीच्या चिन्हात बाकीच्यांबरोबरच येतात. फक्त पहिल्यांदा उघडताना घाईत ठीक आहे म्हणू नका. तिथे दोन खुणा आधीच केलेल्या असतात, एक क्रोमला मुख्य ब्राउझर करण्याची आणि दुसरी वापराची माहिती गूगलला पाठवण्याची. मी दोन्ही काढल्या.

आता खरी तक्रार. क्रोम उघडला की दर वेळी कसल्याशा "कीरिंग"चा पासवर्ड मागायचा. मी घाबरले, वाटलं व्हायरस शिरला. गिऱ्हाइकाची आधारची माहिती समोर आणि मधेच ही खिडकी. तीन दिवस मी ती रद्द करत राहिले. कारण इतकंच की माझी सोय म्हणून भाच्याने लॅपटॉप चालू करताना पासवर्ड लागणार नाही असं करून ठेवलं होतं. क्रोम आपले साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीने बंद करतो, ती या कीरिंगमध्ये, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्यात असते. जुडगं एरवी आपल्या लॉगिनच्या पासवर्डानेच उघडतं, आणि तोच दिला नाही तर ते बंद राहतं. कुणी सांगतात की जुडग्याचा पासवर्ड रिकामा ठेवा. ठेवू नका, मग कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं होईल. मी आपोआप लॉगिन बंद केलं. सकाळी शटर वर केल्यावर एकदा पासवर्ड टाकते, दिवसभर त्रास नाही. पण नव्या माणसाला त्या खिडकीत हे कारण दोन ओळींत सांगायला काय हरकत होती?

आणखी एक गोंधळ भांडारातच आहे. काही वस्तू दोन प्रकारांत दिसतात, सिस्टम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक म्हणजे चवथीला चार दिवस राहायला येताना स्वतःचं अंथरूण-पांघरूण, टोप, कढई सगळं घेऊन येणारा पाहुणा. कुणाला त्रास देत नाही, पण जागा अडवतो. माझी डिस्क लहान, म्हणून मी सिस्टम पॅकेजच घेते.

आता सहा महिने झाले. दुकानात मुख्य काम फायरफॉक्सवरच चालतं, आणि हे मलाही नवल आहे. एक तर तो आधीपासून होता. फायरफॉक्स बनवणारी मोझिला आणि मिंट यांचा 2022 पासून करार आहे, त्यामुळे मिळतो तो मोझिलाचा मूळ फायरफॉक्स. दुसरं म्हणजे पीडीएफ. कोणीतरी व्हॉट्सॲपवर रिकामा अर्ज पाठवतो, तो फायरफॉक्समध्ये उघडून त्यावरच नाव-पत्ता टाइप करता येतो, वेगळं सॉफ्टवेअर नको. जुन्या क्रोममधले साठेक बुकमार्क एचटीएमएल फाइल करून पेनड्राइव्हवर ठेवले होते, ते एका झटक्यात आत आले. देवनागरी जोडाक्षरं नीट दिसतात, छापूनही नीट येतात. मराठी कीबोर्ड मात्र सेटिंगमधून वेगळा जोडावा लागला. आठवडाभर फायरफॉक्स पूर्ण मराठीतही करून बघितला. बुकमार्कला तिथे "वाचनखुणा" म्हणतात, किती गोड शब्द. पण मदतीला येणारी कॉलेजची पोरगी म्हणाली, "मावशी, सेटिंग खंय गेलें गो?" म्हणून परत इंग्रजी केला.

चार जीबीवर क्रोमला दहा-बारा टॅब दिले की पंखा कदंबा बस घाट चढल्यासारखा ओरडतो. तो आता फक्त नवऱ्याच्या क्रिकेटसाठी आणि फायरफॉक्सवर बटण न दाबलं जाणाऱ्या एक-दोन संकेतस्थळांसाठी. क्रोमियम काढून टाकला, भांडारातूनच, रिमूव्ह दाबून.

एक काम लिनक्सवर झालेलं नाही. एका ठिकाणी डिजिटल सहीचा डोंगल लावावा लागतो आणि त्यांनी दिलेला प्रोग्राम फक्त विंडोजचा आहे. फोन केला तर "मॅडम, विंडोज घाला" एवढंच उत्तर. यात ब्राउझरचा काही दोष नाही, पण गिऱ्हाइकाला ते काय सांगायचं? महिन्यातून दोनदा तसलं काम येतं, तेव्हा डोंगल पिशवीत घालून समोरच्या स्टुडिओवाल्याकडे जाते. तो माझ्याकडून पैसे घेत नाही, त्याच्या लग्नपत्रिकांचं शुद्धलेखन मी तपासून देते.

पाचपैकी चार तारे. अर्धा कीरिंगसाठी कापला, अर्धा त्या दोन गोलांसाठी, जिथे मिंटचं नाव लिहिलं असतं तर माझी तीन गिऱ्हाइकं गेली नसती. त्यातलं एक अजून परत आलेलं नाही.