मध, दालचिनी, कोरफड आणि विलोचं पाणी: बोन्सायच्या काड्यांवर अकरा महिने

मुळं फुटायची पावडर न वापरता झाडाच्या कापून लावलेल्या काड्या रुजतात (आम्ही म्हणतो, लागतात) का, एवढंच मला बघायचं होतं. बोन्साय करणाऱ्याला रोपं बरीच लागतात आणि त्यातली बरीच मरतात, तेव्हा घरातल्या घरात भागलं तर बरं, हा साधा हिशोब. अकरा महिने झाले. मध, दालचिनी, कोरफड, शहाळ्याचं पाणी आणि विलोचं (विलो झाडाच्या डहाळ्या भिजवलेलं) पाणी असे पाच उपाय केले, आणि जोडीला नुसत्या साध्या पाण्यातल्या काड्या. ही साध्या पाण्याची रांग ठेवली नसती तर आज मी मधाचे गोडवे गात बसलो असतो.

कारण पहिली फेरी फायकसची, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडाची होती. छत्तीस काड्या, प्रत्येक उपायाला सहा. पाच आठवड्यांत तेहेतीस लागल्या. मधातल्या सहाच्या सहा लागल्या, आणि साध्या पाण्यातल्याही सहाच्या सहा. फायकस असाच आहे, मनगटाएवढी जाड फांदीसुद्धा योग्य ओलाव्यात मुळं धरते. त्याच्यावर कोणताही उपाय करून बघा, यशस्वीच दिसणार. त्याला एकच गोष्ट लागते. कापल्यावर चीक वाहायचा थांबेपर्यंत काडी कोमट पाण्यात उभी ठेवायची, नाहीतर तो चीक टोकावर वाळून बसतो. जेडचंही (जाड, मांसल पानांचं रोप) तसंच, फक्त उलट्या बाजूने. त्याचा काप चार-पाच दिवस सुकू द्यायचा आणि मग कोकोपीट-पर्लाइटच्या कोरडसर मिश्रणात खोचायचा. मी अतिउत्साहाने जेड रात्रभर विलोच्या पाण्यात भिजवला आणि तो खालून कुजला. चूक पाण्याची नव्हती.

खरी परीक्षा बोगनवेलीने घेतली. पुन्हा छत्तीस पेन्सिलीएवढ्या जाड, अर्धवट पिकलेल्या काड्या. तीन महिन्यांनी मोजल्या तेव्हा विलोच्या आणि कोरफडीच्या प्रत्येकी चार, दालचिनीच्या तीन, मधाच्या आणि साध्या पाण्याच्या दोन-दोन, शहाळ्याच्या पाण्याची एक. सहापैकी चार आणि सहापैकी दोन यांतल्या फरकात नशिबाचाही वाटा असतो, त्यामुळे या आकड्यांवर मी पैज लावणार नाही. पण काड्या कशा मेल्या ते बघितल्यावर पुष्कळ उलगडलं.

मधात मुळं फुटवणारं काही नसतं. तो जंतूंना आवरतो. मध पातळ केला की त्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, मात्र उकळत्या पाण्यात कालवला तर ते विकरच मरतं. मी पहिल्यांदा नेमकं तेच केलं. उरली फक्त साखर, आणि आठवड्याभरात कुंडीत मुंग्यांची रांग. दालचिनीतला सिनॅमल्डिहाइड बुरशीला रोखतो, हे खरं आहे, पण ती पूड ओल्या कापावर थापली की काप कोरडा पडतो. हल्ली मी ती मिश्रणाच्या वर भुरभुरवतो आणि काडीच्या वरच्या कापाला लावतो, खालच्या टोकाला नाही. तेवढ्या कामाला ती उत्तम आहे.

शहाळ्याच्या पाण्याने सगळ्यात जास्त फसवलं. दहाव्या दिवशी त्या काड्यांना इतरांच्या आधी पोपटी कोंब आले आणि मी खूश. महिन्याने ते सगळे माना टाकून पडले. उपटून पाहिलं तर खाली एक मुळी नाही. या पाण्यात सायटोकायनिन नावाची वनस्पतींची संप्रेरकं असतात, म्हणून तर 1941 पासून ऊतीसंवर्धनात ते वापरलं जातं. पण सायटोकायनिन कोंबाला ढकलतं आणि मुळांना मागे ओढतं. काडीतला साठा पानांत खर्च झाला, प्यायला मूळ नाही, मग दुसरं काय होणार? वरून त्या मिश्रणाला आंबूस वास येऊन बारीक चिलटं झाली ती वेगळीच. हा उपाय मी कायमचा सोडला.

विलोच्या पाण्याबद्दल मात्र चांगलं बोलावं लागेल. विलो म्हणजे वाळुंजाच्या कुळातलं झाड. त्याच्या यंदाच्या कोवळ्या, पेन्सिलीहून बारीक डहाळ्या पानं काढून बोटाच्या पेराएवढ्या तोडायच्या, पाण्यात दोन दिवस भिजवायच्या आणि गाळून घ्यायचं. रंग फिक्कट चहासारखा येतो. यात सॅलिसिलिक आम्लाच्या घरातली द्रव्यं उतरतात, ती काडीला कुजण्यापासून सांभाळतात. मी काड्या त्यात रात्रभर उभ्या ठेवतो आणि पहिलं पाणीही त्याचंच देतो. अडचण अशी की याची ताकद मोजता येत नाही. डहाळी कोवळी की जून, पाणी किती, कोणता महिना, यावर प्रत्येक बाटली वेगळी निघते. माझी दुसरी खेप इतकी फिकी होती की साध्या पाण्यात आणि तिच्यात मला काही फरक दिसला नाही.

कोरफडीचं आश्चर्य वाटलं. ताज्या पानाचा गर काढून टोक त्यात बुडवायचं, बस. गर कापाला चिकटून राहतो, ओल धरतो आणि मिश्रणात मधासारखी साखर सोडत नाही. बाटलीतला गर वापरू नका, त्यात टिकवण्यासाठी काय काय घातलेलं असतं.

आता ज्याने मला खरोखर शिकवलं ते. फायकस कुंडीतून काढून मुळं धुतली तेव्हा दिसलं, लागलेल्या तेहेतीस काड्यांतल्या जवळपास निम्म्या बोन्सायच्या कामाच्या नव्हत्या. सवयीने मी अर्ध्या काड्या तिरक्या कापल्या होत्या. त्यांची मुळं तिरक्या कापाच्या सगळ्यात खालच्या टोकाला, एकाच बाजूला झुपक्याने आलेली. आडव्या, सपाट कापाच्या काड्यांना ती चहूबाजूंनी. कारण सोपं आहे. ऑक्सिन, म्हणजे मुळं फुटवणारं संप्रेरक, शेंड्यातून आणि कोवळ्या पानांतून खाली उतरतं आणि खालच्या टोकाशी साचतं, आणि जिथे साचतं तिथे मुळं. बागेत लावायच्या झाडाला एकाच बाजूची मुळं चालून जातात, पण बोन्सायची अर्धी शोभा बुंध्याभोवती पसरलेल्या मुळांची, म्हणजे नेबारीची. ती पहिल्याच दिवशी कापाच्या आकारात ठरते आणि नंतर सुधारायला वर्षं जातात. आता मी धारदार पात्याने पेराच्या किंचित खाली सपाट काप घेतो, टोकाजवळच्या सालीवर चारी बाजूंना बारीक उभ्या चिरा देतो आणि त्या चिरांत कोरफडीचा गर भरतो. वरची दोन-तीन पानं ठेवतो, मोठी असली तर अर्धी कापतो. याने आलेली मुळांची गोलाई मला कुठल्याही बाटलीने दिली नव्हती.

जुनिपर या सूचिपर्णी झाडापुढे मात्र सगळे घरगुती उपाय थिटे पडले. सहा काड्या विलोच्या पाण्यात, सहा साध्या. पाच महिन्यांनी विलोच्या दोन लागल्या, साधी एकही नाही. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवागार दिसतो, त्यामुळे तोवर मी मेलेल्या काड्यांना इमाने-इतबारे फवारे मारत होतो. शेवटी हट्ट सोडून आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक आम्लाची 0.3 टक्क्याची पावडर आणली. कोवळ्या काडीला 0.1, अर्धवट पिकलेल्या काडीला 0.3 आणि जून लाकडाला 0.8 टक्के असा साधारण हिशोब असतो. आयबीए मुळं फुटवतं हे अमेरिकेतल्या बॉइस थॉम्प्सन इन्स्टिट्यूटमध्ये झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी 1935 मध्ये दाखवलं. गंमत म्हणजे ते मक्यातही निसर्गतःच सापडतं, तेव्हा 'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' ही भिंत मला वाटली तितकी जाड नाही. पावडरीच्या सहापैकी चार काड्या लागल्या.

बाकी सेटअप सगळ्यांना एकच होता. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके खडे), वरून पारदर्शक डबा उपडा, उजेड पण थेट ऊन नाही, आणि मिश्रण साधारण 22 ते 25 अंशांवर. एकदा चार दिवस बाहेर गेलो आणि डबा उपडा घालायचा राहिला. त्या चार दिवसांनी जेवढ्या काड्या मारल्या तेवढ्या कुठल्याही चुकीच्या उपायाने मारल्या नाहीत.

सध्या फ्रिजमध्ये विलोच्या पाण्याची एक बाटली आहे आणि खिडकीत कोरफड. मध परत स्वयंपाकघरात गेला. पावडरीच्या उरलेल्या दोन जुनिपरांपैकी एक तपकिरी पडला, दुसरा अजून हिरवा आहे. जिवंत की मेलेला, कळत नाही. आधीच्या दोन काड्या मी मूळ आलंय का बघायला ओढून मोडल्या, म्हणून याला हात लावलेला नाही.