अपघाताच्या दाव्यात मध्येच वकील बदलला : वर्षभरानंतरचा अनुभव

आधी मत सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. वकील बदलून फायदा झाला, पण ज्या कारणासाठी बदलला तो फायदा झाला नाही. केस लवकर निघेल म्हणून बदलला होता. केस आजही त्याच चालीने चालली आहे. फायदा झाला तो वेगळ्याच जागी, आणि तोही डॉक्टरांची साक्ष व्हायच्या आत बदलला म्हणून.

पार्श्वभूमी थोडक्यात. नवरा लिफ्ट मेकॅनिक, अपघाताच्या वेळी वय ३८. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर टेम्पोने बाईकला मागून उडवलं. गुडघ्याखालचं हाड पार सांध्यापर्यंत फुटलं, प्लेट आणि स्क्रू बसले, गुडघा आता पूर्ण वाकत नाही. मी पतपेढीत कामाला आहे, त्यामुळे कागद सांभाळायची सवय होती, कोर्टाची मुळीच नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मुंबईच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ट्रिब्युनल म्हणतात तिथे, टेम्पोमालक आणि विमा कंपनीविरुद्ध आमचा अर्ज आहे.

पहिले वकील आम्ही शोधले नाहीत, त्यांनीच आम्हाला शोधलं. वॉर्डबाहेर त्यांचा एक माणूस उभा असायचा. "वहिनी, एक रुपया द्यायचा नाही. क्लेम मिळाला की बघू. एफआयआर, पंचनामा, सगळं मी आणतो." औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन वरखाली पळताना असं कोणी बोललं की तो देवमाणूसच वाटतो. वकीलपत्रावर सह्या झाल्या, आणि सोबत एका साध्या कागदावरही : मिळणाऱ्या रकमेच्या वीस टक्के फी. वकिलांनी असं दारोदार काम मिळवत फिरू नये असा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नियम आहे म्हणे. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीबाहेर तासभर बसा, नियमाची तब्येत कळेल.

अर्ज दाखल झाला, नंबर पडला, आणि मग शांतता. फोन केला की "पुढची तारीख पडली", "साहेब रजेवर होते", "बोर्डावर आलंच नाही". शेवटी ऑफिसातल्या एका मुलाने ई-कोर्ट्सचं ॲप दाखवलं. प्रत्येक केसला सीएनआर नावाचा सोळा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. तो टाकला की कुठल्या तारखेला काय झालं ते दिसतं. "साहेब रजेवर" म्हणून सांगितलेल्या तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामाची कोर्टातली नोंद, उघडला तर तिथे लिहिलेलं : अर्जदार व त्यांचे वकील पुकारले असता गैरहजर. त्याच्या आधीच्या तारखेलाही तेच. असं वरचेवर झालं की अर्ज गैरहजेरीत निकाली निघू शकतो. तो पुन्हा लावून घेता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळ्या खेपा. शिवाय भरपाईवरचं व्याज कुठल्या तारखेपासून द्यायचं हे ट्रिब्युनल ठरवतं. दिरंगाई आपल्याकडून झालेली दिसली तर तेवढ्या काळाचं व्याज हातचं जाऊ शकतं. वकील गैरहजर राहिले तरी फटका अर्जदारालाच.

आता बदलण्याची प्रक्रिया. ऐकीव माहिती फार फिरते म्हणून नीट सांगते. अशिलाला वकील बदलायचा अधिकार आहे, त्यात वाद नाही. पण जुन्याचं वकीलपत्र रेकॉर्डवर असताना नवीन वकील नुसते जाऊन उभे राहू शकत नाहीत. जुन्यांची संमती लागते, म्हणजे नवीन वकीलपत्रावर त्यांनी "हरकत नाही" लिहून सही करायची. यालाच सगळे एनओसी म्हणतात. ते देत नसतील तर कारणं लिहून ट्रिब्युनलकडे परवानगीचा अर्ज करायचा. एनओसी अडवली म्हणून केस अडकून राहत नाही, हे आधी कळलं असतं तर किती रात्री शांत झोप लागली असती.

आमच्याकडेही एनओसी अडलीच. "आधी माझे टक्के लिहून द्या, मग सही." इथे नवीन मॅडमनी (सहकाऱ्याच्या ओळखीने मिळाल्या, ऑफिस फोर्टात) दोन निकाल सांगितले. २०१७ साली बी. सुनीता प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवणं बेकायदा आहे. तेही प्रकरण अपघाताच्या भरपाईचंच होतं. आणि २००० सालच्या आर. डी. सक्सेना निकालाप्रमाणे फी बाकी आहे म्हणून वकील अशिलाची फाईल दाबून ठेवू शकत नाही. फीसाठी त्याने वेगळी वसुली करावी, कागद आधी परत द्यावेत.

मी हे सगळं पत्रात लिहून स्पीड पोस्टाने पाठवलं. भाषा गोड ठेवली. उत्तर आलं नाही. मग ट्रिब्युनलमध्ये द्यायच्या परवानगीच्या अर्जाची प्रत त्यांना दिली, आणि दोनच दिवसांत ज्युनिअरचा फोन : "वहिनी, या, फाईल घेऊन जा." झालेल्या कामाचे पैसे आम्ही दिले, मसुदा, टायपिंग, हजेरी मिळून ठरवलेली एक रक्कम. ते द्यायलाच हवे होते असं माझं मत आहे, कोणाचं काम फुकट घेऊ नये. रोख मागितले, मी चेक दिला.

फाईल ताब्यात घेण्याबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. पतपेढीत चार्ज देताना-घेताना यादी करतो तशी मी यादी करूनच गेले होते. ज्युनिअरने टेबलाखालून फाईल ओढली, वर आमचं आडनाव चुकीचं. एक्स-रेच्या फिल्म पावसाळी ओलीने एकमेकींना चिकटलेल्या, सोडवताना एकीचा कोपरा सोलून आला. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स होती, मूळ प्रत नव्हती. "कोर्टात लावली असेल." असेल म्हणजे काय? आणि औषधांची बिलं : मेडिकलवाल्यांची ती गुळगुळीत कागदावरची छापील बिलं पार पांढरी पडली होती. उजेडात तिरकी धरली की दुकानाचं नाव दिसे, रक्कम नाही. त्या बिलांच्या डुप्लिकेट प्रती मिळवायला मी दुकानं पालथी घातली. एकाने दिल्या, एकाचा कॉम्प्युटर बदलला होता, त्या गेल्याच. ज्यांचा अपघात ताजा आहे त्यांनी हे वाचता वाचताच बिलांच्या झेरॉक्स काढाव्यात. झेरॉक्स टिकते, ते बिल टिकत नाही. यादीवर ज्युनिअरची सही घेतली, जे मिळालं नाही त्याच्यापुढे "मिळाले नाही" असं लिहून. मूळ डिस्चार्ज कार्ड पुढे खरोखरच ट्रिब्युनलच्या रेकॉर्डमध्ये निघालं.

आता तो फायदा. नवीन मॅडमनी पहिल्या भेटीत नवऱ्याला विचारलं, "लिफ्टचं काम म्हणजे तुम्ही दिवसभर नक्की काय करता?" आधीच्या अर्जात व्यवसायापुढे फक्त "खाजगी नोकरी" असं होतं. त्याने सांगितलं : लिफ्टच्या डब्याच्या टपावर उकिडवं बसून काम, खाली पिटमध्ये उतरणं, गच्चीवरच्या मशीन रूमला लोखंडी शिडीने चढणं. गुडघा न वाकणाऱ्या माणसाला यातलं काहीच जमत नाही. कंपनीने त्याला स्टोअरमध्ये बसवलंय, पगार कमी करून.

याने काय फरक पडतो ते आकड्यांत बघा. पगार महिना २४,००० रुपये. वय चाळीसच्या आत आणि नोकरी ठरावीक पगाराची धरल्याने पुढच्या पगारवाढीचे ४० टक्के मिळवले (हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून येतं) की ३३,६०० होतात. वर्षाचे ४,०३,२००. वय ३६ ते ४० असेल तर गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा) १५, हा सरला वर्मा निकालाचा तक्ता. एकूण ६०,४८,०००. कमाईची क्षमता जितके टक्के गेली असं ठरेल तितका याचा वाटा मिळायचा. आमच्या सर्टिफिकेटवर ४० टक्के अपंगत्व आहे, म्हणजे २४,१९,२००. विमा कंपनीचे वकील म्हणतात, हे ४० टक्के फक्त पायाचे, अख्ख्या शरीराचे धरले तर फार तर याच्या निम्मे. २० टक्के धरले तर १२,०९,६००. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेला सुतार आणि डावा हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं नसतं. लिफ्ट मेकॅनिकचं नुकसान ७० टक्के मानलं गेलं तर रक्कम ४२,३३,६०० होते. पाय तोच, सर्टिफिकेट तेच. ट्रिब्युनल काय धरेल ते धरेल, पण मांडलंच नाही तर धरणार कुठून?

आणि ते मांडायला डॉक्टर लागतात. नुसतं सर्टिफिकेट जोडून भागत नाही, ज्यांनी तपासलं त्यांची साक्ष लागते. आधीच्या वकिलांच्या साक्षीदारांच्या यादीत डॉक्टरच नव्हते! पुरावा बंद झाल्यावर हे लक्षात आलं असतं तर तो पुन्हा उघडून घेण्यासाठी हातापाया पडावं लागलं असतं. सर्जन कोर्टात यायला नाखूश असतात, ओपीडी बुडते. मॅडमनी समन्स काढलं, डॉक्टरांच्या सोयीची तारीख मागून घेतली, भत्ता आधीच भरला. डॉक्टर आले, सरतपासणी (आपल्या वकिलांनी विचारायचे प्रश्न) झाली. सोबत कंपनीचं पगाराचं आणि बदललेल्या कामाचं पत्रही लावलं.

नवीन वकिलांबद्दल तक्रारी नाहीत असं नाही. फी टप्प्याटप्प्याने आहे, वकीलपत्र, साक्ष, युक्तिवाद असे टप्पे, आणि ती आधी द्यावी लागते. "क्लेम मिळाला की बघू"ची सवय लागलेल्या घराला हे जड जातं. फोन उचलत नाहीत. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकतात, त्यात निम्म्याहून जास्त इंग्रजी. साध्या तारखांना ज्युनिअर जाते, आणि तिला केस कितपत माहीत आहे याची मला अजून खात्री नाही. पण प्रत्येक तारखेचा रोजनामा मी बघते, गैरहजर असं एकदाही आलेलं नाही. लोकअदालतीत विमा कंपनीने एक आकडा दिला होता, तो २० टक्क्यांच्याच हिशेबाचा होता. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ठरवा, मी ढकलणार नाही." आम्ही नाही म्हणालो. पुढच्या तारखेला डॉक्टरांची उलटतपासणी आहे.

ग्राहक मंचात जायचा सल्ला देणारे भेटतील. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही असं सांगितलंय, तेव्हा तो रस्ता बंद. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते, पण त्यातून वकिलावर कारवाई होते, आपली केस पुढे सरकत नाही. आम्ही केली नाही, फाईल मिळाली तेवढ्यावर सोडलं.

ज्यांना आधी पैसे भरणं शक्यच नाही त्यांनी टक्केवारीवाल्याकडे जाण्याआधी १५१०० या विधी सेवेच्या नंबरवर विचारून बघा. बायकांना, कामगारांना आणि अपंग व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. तिथले वकील कसे मिळतात याचा मला अनुभव नाही. कोणी मुंबईत त्यांच्यामार्फत अपघाताचा दावा चालवला असेल तर जरूर लिहा.