नोकरी सांभाळून रहस्यलेखन : आधी कथा की थेट कादंबरी?

नोकरी सोडून पूर्णवेळ लिहावे का, हा प्रश्न मराठीत रहस्यलेखन करू पाहणाऱ्याने तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्लंडच्या रहस्यकादंबरीकार पी. डी. जेम्स यांची पहिली कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली, तरी त्या १९७९ पर्यंत आधी रुग्णालय प्रशासनात आणि मग ब्रिटनच्या गृहखात्यात नोकरी करीतच होत्या. जपानचे रहस्यलेखक केइगो हिगाशिनो अभियंता होते. १९८५ साली रहस्यलेखनासाठीचा एदोगावा राम्पो पुरस्कार मिळाल्यानंतरच त्यांनी नोकरी सोडली. आपल्याकडे तर दिवाळी अंकाच्या मानधनातून महिन्याचा किराणा भागण्याचीही खात्री नाही. त्यामुळे खरी निवड वेगळीच आहे : हाती असलेला रोजचा तास-सव्वा तास रहस्यकथेला द्यायचा की कादंबरीला?

नुसता शब्दांचा हिशेब केला, तर रोज ३०० शब्द लिहिणाऱ्याच्या साडेचार हजार शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा पंधरा दिवसांत होतो. साठ हजार शब्दांच्या कादंबरीला दोनशे दिवस, म्हणजे लग्नसराई, आजारपण आणि पाहुणेरावळे धरता वर्ष लागते. परंतु हा हिशेब फसवा आहे, कारण नोकरदाराला वेळेपेक्षा जास्त टंचाई असते ती अनुसंधानाची, म्हणजे कथेचा धागा मनात सलग टिकवण्याची.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत काम करतो आणि पहाटे पाच ते सव्वासहा लिहितो. माझ्या पहिल्या कादंबरीत शेतातल्या विहिरीत प्रेत सापडते, आणि चौथ्या प्रकरणात संशयित ‘रात्रीची लाइट आहे, मोटार चालू करून येतो’ असे सांगून घराबाहेर पडतो. मग मार्चअखेर आली आणि सात आठवडे वही उघडलीच नाही. मे महिन्यात मी नववे प्रकरण लिहिले, त्यात शेजारचा शेतकरी त्याच आठवड्यात भरदुपारी उसाला पाणी देताना दाखवला. आमच्याकडे शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीने मिळते, आठवडाभर दिवसा तर आठवडाभर रात्री, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. एकाच फीडरवरच्या, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरच्या, दोन शेतांत एकाच आठवड्यात दोन पाळ्या असूच शकत नाहीत. ज्या सबबीवर सगळे रहस्य उभे होते तीच कोसळली आणि पाच प्रकरणे पुन्हा लिहावी लागली. कथेत ही चूक पहिल्याच वाचनात पकडली गेली असती, कारण अख्खी कथा एका बैठकीत डोक्यात मावते.

म्हणून ज्यांच्या कामाला हंगाम असतो, म्हणजे बँक, पतसंस्था, महसूल खाते किंवा साखर कारखान्याचा गाळप विभाग, त्यांनी कथेपासून सुरुवात करावी. ज्यांचे कामाचे तास वर्षभर सारखे आहेत, किंवा ज्यांना शिक्षकांसारखी सलग उन्हाळी सुट्टी मिळते, त्यांना कादंबरी पेलू शकते.

तपासाचे बारकावे मांडायचे असतील, तर मात्र कादंबरीला तोड नाही. विहिरीतल्या प्रेताचेच पाहा : माणूस जिवंतपणी बुडाला असेल, तर पाण्यातले डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत पोहोचू शकते, मारून टाकलेल्या माणसाचे हृदय थांबलेले असल्याने ते तिथवर जात नाही. ही चाचणी दर वेळी निर्णायक ठरत नाही, आणि लेखकाच्या दृष्टीने तीच तिची गोडी आहे. आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मग पंचनामा, शवविच्छेदन, नमुने छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे, आणि मग अहवालाची वाट पाहणे : या वाट पाहण्यात गावातली माणसे कशी बदलतात, हे कादंबरी दाखवू शकते. कथेला तेवढा अवकाश नसतो. तिने लाइटच्या पाळीसारख्या एकाच खिळ्यावर सगळा भार टांगावा.

कायद्याचा अभ्यास दोन्हीकडे अटळ आहे. १ जुलै २०२४ नंतर घडणाऱ्या कथेत फौजदाराच्या तोंडी ‘तीनशे दोन’ घातले, तर जाणता वाचक तिथेच थांबतो, कारण खुनाच्या शिक्षेचे कलम आता भारतीय न्याय संहितेत १०३ आहे.

प्रकाशनाच्या बाबतीत कथेचे पारडे जड आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा आजही नवोदिताला दार उघडते, आणि ‘धनंजय’सारखा अंक तर रहस्यकथेला आवर्जून जागा देत आला आहे. संपादकांकडे कथा पावसाळ्यातच पोहोचावी लागते, म्हणून गुढीपाडव्याला लिहायला बसणे सोयीचे. कादंबरीचे हस्तलिखित महिनोन्‌महिने पडून राहते. मला एका प्रकाशकाने शंभर प्रती आधी स्वतः विकत घेण्याची अट घातली, ती मी नाकारली आणि तुम्हीही नाकारावी.

सरकारी नोकर असाल, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आधी वाचा. प्रासंगिक साहित्यलेखन आणि नियमित जोडधंदा यांत तिथे फरक केलेला आहे. त्याहून मोठी जबाबदारी शेजारधर्माची आहे. तालुक्यात घडलेला खून जसाच्या तसा उचलला, तर मेलेल्याची आई तो वाचणार आहे हे धरूनच चाला. कामाच्या टेबलावरून गेलेले कोणाचेही कागद कथेत येता कामा नयेत.

माझा सल्ला विचाराल, तर दोन-तीन दिवाळ्या कथा लिहा, पण सगळ्या एकाच तालुक्यात आणि एकाच फौजदाराच्या, म्हणजे कादंबरीची माणसे आणि वाटा आपोआप तयार होतील. कादंबरी घेतलीच, तर पहिल्या दिवसापासून एक स्वतंत्र वही करा : तारीख, वार, कोण कुठे होते, लाइट दिवसाची की रात्रीची. माझ्या वहीत आता तिथीचाही रकाना आहे, कारण साक्षीदाराला विहिरीच्या काठावरचा माणूस ओळखू आला की नाही, हे त्या रात्री पौर्णिमा होती की अमावास्या यावर ठरते.