वाळूवर भेटलेला जाणकार आणि वीस बनावट मिनो

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर स्ट्राइपर, म्हणजे अंगावर पट्टे असलेला स्ट्राइप्ड बास, गरवणाऱ्या, आणि यंदा नव्याने सुरुवात करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. गेल्या हंगामात बनावट मिनोंवर, म्हणजे प्लास्टिकच्या खोट्या माशांवर, माझे 180 डॉलर गेले. माझ्या शब्दावर विसंबलेल्या एका मित्राचे 90 गेले. आणि एक मोठा मासा तोंडात गळ घेऊन गेला. स्वतःच्या पैशांचं दुःख दोन दिवसांत ओसरलं, बाकीच्या दोन गोष्टी अजून मनातून जात नाहीत.

मी मूळचा रेवदंड्याचा. लहानपणी काकांबरोबर खाडीवर गरवायला जायचो, जिवंत कोळंबी लावून जिताड्याची वाट बघत तासन्‌तास बसायचो. त्यामुळे गरी हातातली, पण ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, हा प्रकार मला इथे येईपर्यंत माहीत नव्हता. इथेही बंकर या माशाचा तुकडा लावून स्ट्राइप्ड बास धरणारे पुष्कळ आहेत, त्यासाठी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, सक्तीचा आहे. पण अंधारात, लाटेत कमरेपर्यंत उभं राहून प्लास्टिकचा मासा हळूहळू ओढताना अचानक रॉड वाकतो, त्याची चटक एकदा लागली की तुकडे लावून बसवत नाही.

ऑक्टोबरमध्ये आयलंड बीच स्टेट पार्कच्या वाळूवर तो भेटला. साठीच्या आसपासचा, वेडर्सना, म्हणजे पाण्यात उतरायच्या विजारीला, जागोजागी ठिगळं, रॉडच्या मुठीवरची टेप झिजून काळी पडलेली. मी काळोखात पेन्सिल पॉपर, म्हणजे पाण्यावर उसळ्या घेणारं ल्यूर, फेकत होतो. तो जवळ आला, हेडलॅम्प पाण्याकडे न धरता वाळूकडे धरला आणि बुटाच्या टोकाने ओली वाळू उकरली. आतून बोटाएवढे, चांदीसारखे सँड ईल नावाचे बारीक मासे वळवळत बाहेर आले. म्हणाला, "बडी, आधी हे बघ. समोर काय खाणं आहे ते कळलं की मग डबा उघड."

त्या रात्री त्याने जे सांगितलं ते सगळं खरं आहे, आणि आजही मी तसंच करतो. सँड ईल असतील तर लांब, बारीक ल्यूर: नीडलफिश, सडपातळ धातूची जिग, अरुंद मिनो. सप्टेंबरात मुलेट माशांचे थवे किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे सरकतात, तेव्हा जरा जाड अंगाचा, पोहल्यासारखा हलणारा स्विमर. बंकरची पिल्लं असतील तर रुंद कुशीचा रबरी शॅड. पॉपर पहाटे आणि उजेडात, रात्री मिनो आणि तोही इतका सावकाश की हात अवघडावा. पाणी गढूळ आणि ओढ जोराची असेल तर बकटेल, म्हणजे केसांचा झुबका लावलेली जड जिग, कारण तळ गाठतो आणि त्याचे केस नुसत्या प्रवाहानेही हलतात. रंगापेक्षा खोली आणि वेग महत्त्वाचे, हे वाक्य त्याने दोनदा उच्चारलं. आल्बर्ट मॅक्‌रेनॉल्ड्सची गोष्टही सांगितली. 1982 च्या सप्टेंबरात अटलांटिक सिटीच्या जेटीवर, वादळी रात्री, रेबेल कंपनीच्या प्लास्टिकच्या मिनोवर त्यांनी साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा स्ट्राइपर काढला. तो विक्रम 2011 मध्ये कनेक्टिकटला 81.88 पौंडांचा मासा निघेपर्यंत टिकला.

जाताना त्याने मला स्वतःच्या डब्यातला एक मिनो दिला, फुकट. जपानी कंपनीचा, अस्सल. पुढच्याच आठवड्यात त्यावर मला 29 इंचांचा स्ट्राइपर मिळाला. मी त्याला फोटो पाठवला. त्याने लगेच फोन करून अभिनंदन केलं.

तिसऱ्या भेटीत पार्किंगमध्ये त्याने पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडलं. भावाचं टॅकलचं दुकान बंद झालं, हा उरलेला माल, म्हणाला. त्याच कंपनीचे तेच मिनो, नव्या खोक्यांत. दुकानात असा प्लग (मिनोसारखं कडक ल्यूर) वीस डॉलरच्या घरात जातो. हा नऊला देत होता, पण वीस एकदम घ्यायचे, कारण सकाळी दुसरा माणूस सगळेच उचलणार होता. रोख माझ्याकडे नव्हती. "फोनवरून पाठव की," म्हणाला, आणि मी तिथेच उभ्या उभ्या पाठवले. घरी येताना मित्राला कळवलं. त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन दहा घेतले.

खोकी मी जेवणाच्या टेबलावर मांडली होती. बायको चहा घेऊन आली, दोन-चार उचलून बघितले आणि म्हणाली, "अरे, याचा डोळा वर सरकलाय बघ. आणि याचा खाली." मी म्हटलं, असेल छपाईचा फरक. ती जिथे बोट ठेवत होती तिथेच मी थांबायला हवं होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे पाचच्या सुमारास, ओहोटी अर्धी झाली असताना मासा लागला. पहिल्या धावेतच रीलवरची सत्तर-ऐंशी यार्ड दोरी गेली. असा जोर मी तोवर अनुभवला नव्हता. दहा मिनिटांनी तो वळला, शेवटच्या लाटेत त्याची पाठ दिसली, रुंद, पट्टे स्पष्ट, आणि तेवढ्यात दोरी सैल झाली. मिनो परत आला. पोटाखालचा तीन काट्यांचा गळ (ट्रेबल) जागेवर नव्हता. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुहेरी कडी तिथे असते, ती उलगडून सरळ तारेसारखी लटकत होती.

तो मासा मी ठेवणार नव्हतोच. इथे न्यू जर्सीत 28 ते 31 इंचांमधलाच एक मासा दिवसाला नेता येतो. आधी 38 इंचांपर्यंत चालायचा, 2023 मध्ये वरची मर्यादा 31 वर आणली. 2019 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीतच या माशाचा साठा जास्त मासेमारीने खालावल्याचं निघालं होतं, आणि चेसापीक या त्यांच्या वाढीच्या उपसागरात लागोपाठ कित्येक वर्षं पिल्लं फार कमी वाढली आहेत. त्या आकाराची मादी लाखो अंडी देते. तिला फोटो काढून सोडायचं, एवढंच माझ्या मनात होतं. त्याऐवजी ती तीन काटे तोंडात घेऊन गेली.

त्याच सकाळी मी गावातल्या टॅकल शॉपमध्ये गेलो. दुकानाच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांनी एक न वापरलेला मिनो घेतला, कडीच्या फटीत अंगठ्याचं नख घातलं आणि सहज रेटलं. कडी उघडली ती उघडीच राहिली. मग आपल्या फळीवरचा अस्सल काढून माझ्या हातात दिला. "आता याची उघडा." माझं नख मोडायची वेळ आली, कडी हलली नाही. कुणाकडून घेतले, हे त्यांनी विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, की या मोसमात हे चौथं गिऱ्हाईक.

घरी येऊन मी किचनच्या काट्यावर सगळे तोलले. खोक्यावर वजन दीड औंस छापलंय, म्हणजे साडेबेचाळीस ग्रॅम. माझे 33 ते 38 च्या मध्ये कुठेही भरले, एकसारखे दोनच. हातकरवतीने एक उभा कापला. अस्सल मिनोत गोळ्यांना धावायला पन्हळ असते. फेकताना त्या शेपटीकडे जातात, म्हणून तो वाऱ्यातही लांब जातो. यात एकच गोळी होती, गंजलेली, सांध्यातून शिरलेल्या लालसर पाण्यात बसलेली. पोटाचा गळ ज्याला अडकवायचा तो आकडा प्लास्टिकमध्ये जेमतेम पाव इंच रुतवून गोंदाने चिकटवला होता. त्या पहाटे कडी टिकली असती, तर आकडा उपटला असता.

मी त्या जाणकाराला फोन केला. पहिल्यांदा त्याने उचलला, "ट्रेबल बदलून घे, सगळेच बदलतात," म्हणाला. हेही अर्धं खरं. खाऱ्या पाण्यात पुष्कळ जण कंपनीचे गळ काढून जास्त मजबूत लावतात. पण गोंदाने चिकटवलेल्या आकड्याला मजबूत गळ लावून काय होणार? मी पैसे परत मागितले. त्यानंतर नंबर लागला नाही. बँकेने दोन ओळींत कळवलं, की व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला होता. क्रेडिट कार्डाने घेतलं असतं तर माल बनावट म्हणून तक्रार करता आली असती. फोनवरून माणसाला थेट पाठवलेला पैसा बँकेच्या लेखी रोख दिल्यासारखाच. पोलिसांत अर्ज दिलाय.

म्हणून, कुणी किनाऱ्यावर किंवा पार्किंगमध्ये स्वस्त प्लग दाखवले तर तिथल्या तिथे एवढं करा. कडीत नख घाला. गळाचा काटा अंगठ्याने रेटून बघा, वाकून तसाच राहिला तर खाली ठेवा. दोन नग शेजारी धरा: डोळे, तोंडापुढची जिभेसारखी पट्टी, पोटावरची अक्षरं जुळली पाहिजेत. सांध्यावरून बोट फिरवा, कडा बोटाला लागता कामा नये. कानाशी हलवा, गोळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरंगळल्याचं ऐकू आलं पाहिजे, तुमच्या अस्सल मिनोत येतं तसं. विकणारा किती जाणतो हे मोजू नका. तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणत होता, आणि मी त्या जाणतेपणाचेच पैसे मोजले.

मित्राचे 90 डॉलर मी त्याच्या घरी नेऊन दिले. तो घेत नव्हता, वहिनींच्या हातात ठेवून आलो. त्याच्याकडचे दहाही आणले. सगळ्यांचे गळ पक्कडीने तोडून कचऱ्यात टाकले आहेत. फक्त तो एक, उलगडलेल्या कडीचा, पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलाय. सप्टेंबरात मुलेट सुरू झाले की आयलंड बीचच्या वाळूवर भेटलात तर मागा, दाखवीन.